अकरा फळ्यांचं प्रदर्शन

शालिग्राम गावंड्यांकडे कोणी पाना मागायला गेलं, तर पाना मिळत नसे, शालिग्राम मिळत. नट कितीचा, गंज किती चढलाय, आधी कोणत्या शहाण्याने पक्कड लावून त्याचे कोपरे खाल्ले, एवढी चौकशी करून ते चपला घालत, मागणाऱ्याच्या घरी जात, नट कसून देत आणि पाना खिशात घालून परत येत. रांझीच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. अडतीस वर्षं फॅक्टरीत फिटर, निवृत्त होऊन आठ वर्षं, आणि एवढ्या काळात आपल्याइतकं नेमकं काम करणारा माणूस जबलपुरात दुसरा झाला नाही याबद्दल त्यांना स्वतःला कधी शंका आली नव्हती. इंदिराबाईंना यायची. पण घरात एकाच माणसाने बोलावं हा नवऱ्याचा नियम त्यांनी लग्नानंतर पंधरा दिवसांत मान्य केला होता, आणि तो एक माणूस कोण, ते पुढच्या चाळीस वर्षांत हळूहळू बदलून घेतलं होतं.

गल्ली नाल्याला लागून. अकरा घरं, सगळी फॅक्टरीतल्या लोकांनी आपापल्या ऐपतीने बांधलेली. पूर्वी घरात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. मग दर निवडणुकीच्या आधी रस्त्यावर सिमेंटचा नवा थर पडत गेला. जुना उकरायची तसदी कोण घेतो? आता घरात शिरायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. त्यात पाऊसही बदलला. पूर्वी आठ-आठ दिवस रिपरिप चालायची, माणसं कंटाळायची पण बुडत नव्हती. आता पंधरा दिवस कडकडीत ऊन, आणि एके दिवशी दीड तासात महिन्याचा हिशेब चुकता. नाला फुगतो, रस्त्यावर येतो, आणि रस्त्यावरून पायऱ्या उतरून पाहुण्यासारखा घरात.

सहा वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात तीनदा पाणी शिरलं, तेव्हा शालिग्रामांनी फळ्या केल्या. जाड प्लायवूड, वर पत्रा, तीन बाजूंनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर. दाराच्या दोन्ही अंगांना लोखंडी खाचा ठोकलेल्या. फळी वरून सरकवायची, पाचर मारायची, की मांडीइतकं पाणी बाहेर उभं राही आणि आत फरशी कोरडी. अकरा दारं अकरा मापांची, म्हणून अकरा फळ्याही वेगवेगळ्या, एकीची दुसरीला बसत नाही. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात घराचा नंबर. नियमही त्यांचेच. मृग लागला की फळी दाराच्या आत भिंतीला टेकून ठेवायची, दसऱ्याला धुऊन, हळदकुंकू लावून माळ्यावर टाकायची, आणि मधल्या काळात ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. दोन नंबरच्या साहूंनी एकदा जुलैत लेकीच्या वाढदिवसाला फळीवर केक ठेवला होता, तर शालिग्राम महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. साहूंच्या मते तो महिना फार बरा गेला.

अशा गल्लीत या जुलैत शहराबाहेरच्या डिझाइन कॉलेजातून दोन विद्यार्थी आले. यशश्री पुण्याची, अपूर्व इथलाच, दीक्षितपुऱ्यातला. यशश्री मराठी बोलायची ती बातम्यांसारखी. अपूर्वला मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की निम्म्यावर हिंदी यायची. विषय होता, हवामानबदलामुळे येणाऱ्या आपत्तींसाठी लोक कशी तयारी करतात. दोघांकडे रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे. जे कोणी बोलेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि एका मोठ्या कागदावर डकवायचं. यशश्रीने इंदिराबाईंना फार हळव्या आवाजात विचारलं, की घरात पाणी येतं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटतं?

"ओलं," इंदिराबाई म्हणाल्या.

तेही पिवळ्या चिठ्ठीवर गेलं.

आठवड्याभराने ते एका बाईचं चित्र घेऊन आले. कमला, वय चौतीस, दोन मुलं, भीती पुराची, स्वप्न सुरक्षित घराचं. गल्लीतल्या बायकांनी चित्र हातोहात फिरवलं. ही कुठली, कोणाच्या नात्यातली, साडी अशी काहून नेसली, यावर बराच खल झाला. अकरा नंबरात चक्की चालवणाऱ्या बेबी काळबांडेने शेवटी विचारलं, ही राहते कुठी? यशश्रीने समजावलं, की कमला काल्पनिक आहे, तुम्हा सगळ्यांची मिळून एक केली आहे.

"मग आमच्यातली एकही खरी काहून नाही चालली तुमाले?" बेबी म्हणाली. याला चिठ्ठी नव्हती.

शालिग्रामांच्या घरी मात्र या पोरांचं भलतंच जमलं. त्यांनी फळी कशी केली ते सांगायला घेतलं आणि दोघं ऐकत राहिले. दोन तास. मधेच उठले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही, 'बाबा, आता विमा काढा ना' असं म्हणाले नाहीत, जे त्यांचा मुलगा योगेश बंगळुरूहून दर रविवारी म्हणे. उलट त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढला. यशश्रीने त्यांना 'कम्युनिटी इनोव्हेटर' म्हटलं. हे काय असतं, असं शालिग्रामांनी अपूर्वला बाजूला घेऊन विचारलं.

"मतलब, काकाजी, मोहल्ल्याचे वैज्ञानिक."

झालं. त्या दिवसापासून इंदिराबाईंना चहा दिवसातून चारदा करावा लागला.

ऑगस्टात पोरांची ज्युरी होती. म्हणजे बाहेरगावचे तीन मोठे लोक येणार, प्रदर्शन मांडायचं, ते बघून गुण देणार. फळी दाखवायची म्हणून दोघांनी पुठ्ठ्याची एक प्रतिकृती केली आणि शालिग्रामांना दाखवायला आणली. त्यांनी ती दाराच्या खाचेत धरून पाहिली. बाजूने करंगळी आरपार गेली. रबराच्या जागी काळी चिकटपट्टी. पाचरीच्या जागी कपडे वाळत घालायचा चिमटा.

"हे माझ्या नावानं ठेवणार लोकांसमोर?"

यशश्री म्हणाली, ही वापरायची नाही, काका, नुसती संकल्पना आहे. शालिग्रामांना संकल्पनेचं वावडं नव्हतं, पण गळकी संकल्पना त्यांनी आयुष्यात खपवून घेतली नव्हती. फॅक्टरीत त्यांनी अर्ध्या सुताच्या फरकावरून माल परत धाडला होता. तो माणूस बाहेरगावच्या तीन मोठ्या लोकांसमोर चिमट्याची पाचर जाऊ देणार? ते म्हणाले, खरी न्या.

अपूर्वच्या तोंडावर जरा काळजी दिसली. एक न्यावी, तुमच्या घरची, तो म्हणाला, और काकाजी, बारिश? शालिग्रामांनी आभाळाकडे हात केला. नऊ दिवस थेंब नव्हता, लोक पुन्हा कूलर लावून बसले होते. आणि एक नेऊन काय कळणार? अकरा दारं, अकरा मापं, हीच तर खरी करामत. नेल्या तर सगळ्या. दोन दिवसांचा तर प्रश्न.

आता गल्लीला काय सांगायचं? मोहल्ल्याच्या वैज्ञानिकाने दारोदार जाऊन सांगितलं, की रबर कडक झालंय, बदलून आणतो. सहा वर्षं ज्याने उंबऱ्याबाहेर फळी जाऊ दिली नाही त्याचाच शब्द, म्हणून कोणी प्रश्न केला नाही. बेबीने केला. तिचं घर सगळ्यांत खाली, नाल्याच्या बाजूला, पाणी पहिलं तिच्याकडे येई. नवरा गेल्यावर तिचं सगळं त्या चक्कीवर होतं. फळ्यांच्या आधी एका पुरात मोटर जळली, तर सहा आठवडे चक्की बंद राहिली, आणि त्या सहा आठवड्यांत जी गिऱ्हाइकं मोठ्या रस्त्यावरच्या चक्कीत गेली ती निम्मी परत आलीच नाहीत. पुन्हा तसं झालं तर चक्कीला कुलूप, हे ती मोजक्या शब्दांत सांगे.

"ऑगस्टात काहून रबर बदलून राहिले, भाऊजी? दसऱ्यानंतर करा ना."

"दोन दिवस, बेबी. मी हाय ना."

तिने फळी दिली. इंदिराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांना खरं ठाऊक होतं. त्यांनी तांदळातला खडा उचलून जरा लांब फेकला.

ज्युरीच्या दिवशी शालिग्राम इस्त्रीचा सफारी घालून निघाले. इंदिराबाईंनाही बोलावणं होतं. त्या म्हणाल्या, मी फळी पाहिली हाय, तुम्ही जा.

कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये त्यांच्या गळ्यात नावाचं कार्ड अडकवलं गेलं आणि यशश्री त्यांना हात धरून आत घेऊन गेली. अकराच्या अकरा फळ्या छतापासून नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेल्या होत्या, एक वर, एक खाली, जणू पाण्यात तरंगतायत. खालून निळा उजेड सोडलेला. मागे कुठून तरी पाण्याचा आवाज वाजत होता, स्पीकरमधून. शालिग्रामांचा ऊर क्षणभर भरून आला. मग त्यांनी दोरी कुठे बांधलीय ते पाहिलं. प्रत्येक फळीला दोन भोकं होती. ड्रिलने पाडलेली, बोटभर जाड, पत्र्यातून, प्लायवूडमधून, आरपार.

"टांगायच्या कशा होत्या, काका?" यशश्री हसून म्हणाली. "पण सिमेट्री बघा ना."

ज्या वस्तूचं सगळं मोल तिच्यातून पाणी जात नाही यात, तिला बावीस भोकं पाडून पोरं तिचा गौरव करत होती. शालिग्रामांनी एका भोकात करंगळी घातली, ती आरपार गेली. त्याच वेळी माइकवर कोणीतरी म्हणालं, की आपले कम्युनिटी पार्टनर आलेले आहेत, ज्युरीनंतर त्यांचा शाल देऊन सत्कार होईल, त्यांनी पहिल्या रांगेत बसावं. आणि हे सांगितलंच पाहिजे, की तो माणूस बसला. भोकांना पाठ करून, मांडीवर हात ठेवून बसला.

ज्युरीतल्या एक बाई फळ्यांभोवती फिरत होत्या आणि यांत लोकांची स्मृती दिसते असं काहीसं म्हणत होत्या, तेव्हा हॉलच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. आधी वाटलं स्पीकरच. मग स्पीकर ऐकू येईनासा झाला. अर्धा तास तसाच गेला. शालिग्राम खुर्चीत बसून खिडकीकडे बघत होते, आणि थांबेल, थांबेल, असं मनाशी म्हणत होते, जे कोणी गल्लीत म्हटलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

फोन बेबीचा आला.

"पाणी हँडपंपाशी आलं, भाऊजी. फळ्या कुठी हायेत? इंदिरावहिनी म्हणते तुमालेच विचार."

त्यांनी तोंडावर हात धरला. रबरवाल्याचं नाव जिभेवर तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

"कॉलेजात हायेत. प्रदर्शनात," ते म्हणाले. आणि का कोण जाणे, पुढे म्हणाले, "टांगल्या हायेत."

पलीकडे पोतं ओढल्याचा आवाज आला.

"मोटर जमिनीवर हाय," बेबी म्हणाली, आणि फोन ठेवला.

शालिग्राम उठले. टेबलावर चिठ्ठ्या कापायची कात्री होती, ती घेतली, आणि निळ्या उजेडात शिरून दोऱ्या कापायला लागले. पहिली फळी धाडकन खाली आली. ज्युरीतल्या बाई दचकल्या, मग त्यांच्या चेहऱ्यावर समज उमटली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही सादरीकरणाचा भाग आहे, आणि फार धाडसी आहे. यशश्री धावत आली. हळूच म्हणाली, काका, दहाच मिनिटं थांबता का, आमचं बोलून व्हायचंय.

"पाण्याले सांग, बाई. ते थांबलं तर मी थांबतो."

अपूर्व मात्र एव्हाना टेम्पोवाल्याला फोन लावत होता. टेम्पोवाला म्हणाला, रस्त्यात गाडी निम्मी बुडेल, संध्याकाळच्या आधी शक्य नाही. उरली अपूर्वची मोटरसायकल. तिच्यावर एकच फळी मावत होती. शालिग्रामांच्या हाताशी सगळ्यांत जवळ होती चार नंबरची, त्यांच्या स्वतःच्या दाराची. ती त्यांनी भिंतीला टेकवली आणि अकरा नंबरची शोधायला लागले.

पाठीमागे बसून, फळी दोन्ही हातांनी आडवी धरून, सफारीतला म्हातारा अख्ख्या रस्त्याने भिजत गेला. वारा फळीला लागे तशी गाडी झोकांड्या खाई. गल्लीच्या तोंडाशी पाणी गुडघ्याच्या वर होतं. अपूर्वने गाडी तिथेच सोडली आणि दोघं फळी डोक्यावर घेऊन आत शिरले. वाटेत सात नंबरची मनीषा दारात उभी राहून बादलीने घरातलं पाणी बाहेर फेकत होती, आणि तेच पाणी परत आत येत होतं. तिने एकदा फळीवरचा नंबर पाहिला. मग पुन्हा बादली उचलली.

बेबीने दारात पोती रचली होती. पाणी त्यांच्या फटींतून आत झिरपत होतं, मोटरच्या पायापासून चार बोटांवर. शालिग्रामांनी पोती लाथेने बाजूला केली, फळी खाचांत सरकवली, पाचर मारली. ती बसली, जशी बसायला हवी तशी. आणि तिच्यातल्या दोन भोकांतून, अगदी समान अंतरावर, पाण्याच्या दोन धारा मोटरच्या दिशेने सुटल्या.

बेबीने धारांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. पिठाच्या डब्यात दोन्ही हात घालून तिने कणीक काढली, तिथेच पाणी शिंपून घट्ट गोळा मळला, आणि दोन तुकडे त्यांच्या हातात दिले.

"दाबून धरा."

ते दाबून उभे राहिले. कणीक भिजे, सुटे, बेबी नवा गोळा देई. अपूर्व मोटरचा पट्टा काढून गव्हाचे डबे टेबलावर चढवत होता आणि कोणी न सांगता आत आलेलं पाणी उपसत होता. एक तासाहून जास्त वेळ शालिग्राम गावंडे, सत्काराचं कार्ड गळ्यात, दोन अंगठे दोन भोकांवर ठेवून फळीला चिकटून होते. चार नंबरातून इंदिराबाईंचा आवाज येत होता. त्या पलंगावर सिलिंडर आणि गादी घेऊन बसल्या होत्या आणि खिडकीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगत होत्या, की फ्रिज तरंगून राहिला, देवघरात बेडूक आला, तुम्ही तिकडे आरामात उभे राहा, इकडची घाई नाही.

दुपारी पाणी उतरलं. बेबीची मोटर कोरडी होती. बाकी दहा घरांत चिखल, शालिग्रामांचं धरून.

संध्याकाळी यशश्री टेम्पोतून उरलेल्या दहा फळ्या घेऊन आली. तिने त्या त्याच दिवशी आणल्या, हे तिच्या बाजूने बोललं पाहिजे. प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला होता. ज्युरीने खास लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांनी लोकांचा विश्वास किती हळुवार हाताने जपला आहे. शाल तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली होती. चिखल पाहून तिचं तोंड उतरलं, डोळ्यांत पाणीही आलं. पण शिक्षण फार खोल मुरलेलं असतं; जरा वेळाने तिने फोन काढला आणि बेबीला विचारलं, की आजच्या अनुभवाबद्दल दोन शब्द बोलाल का.

"कमलाले विचार," बेबी म्हणाली आणि चक्कीत गेली.

गल्लीतले सगळे बाहेर होते. गाद्या, ट्रंका, भिजलेली वह्या-पुस्तकं ओट्यांवर काढलेली. शालिग्राम रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. भाषणाची त्यांना सवय होती, पण ती दुसऱ्यांच्या चुकांवरची.

"रबराचं मी खोटं बोललो," ते म्हणाले. "रबर चांगलं होतं. फळ्या मी दाखवायला नेल्या होत्या. पोरं एकच म्हणत होती, मीच अकरा दिल्या."

साहू म्हणाले, अच्छा. तेवढंच. मग जो तो आपापल्या चिखलाकडे वळला. बोलणं ऐकून घेण्यापेक्षा हे फार वाईट होतं. शालिग्राम बेबीच्या दाराशी गेले. ती मोटरवर हात फिरवत होती.

"बेबी, तू तरी काही बोल."

"माझी मोटर वाचली, म्हणून मी बोलून राहिली," ती म्हणाली. "बाकीच्यांचं मी कशी बोलू? त्यांच्या घरी जा."

"आणि फळ्या?"

"त्या आता इथी राहतील, माझ्या चक्कीत. भोकं तुम्ही बुजवाल. पण कोणाले द्यायची, कोणाले नाही, ते मी पाहीन."

त्यांनी मान हलवली. सहा वर्षांचं राज्य एवढ्या तीन वाक्यांत गेलं. दहा फळ्या त्यांनी आणि अपूर्वने एकेक करून चक्कीत नेऊन ठेवल्या. मग शालिग्रामांनी सफारीच्या बाह्या वर केल्या आणि एक नंबरपासून सुरुवात केली. तिथे दार बंद राहिलं. साहूंनी, आम्ही करू, असं दारातूनच सांगितलं, अगदी नम्रपणे. तीन नंबरवाल्या म्हातारीने मात्र बोलायला जी सुरुवात केली ती सफारीपासून त्यांच्या वडिलांपर्यंत गेली, आणि तिचं सगळं ऐकून होईपर्यंत ते उभे राहिले. चार नंबर त्यांचंच. तिथे इंदिराबाई म्हणाल्या, आपलं मागून करू, आधी बाकीचे करा. पाच आणि सहात कोणी नजर वर केली नाही.

सात नंबरला मनीषाने दार उघडलं. आत घोटाभर गाळ होता. तिने त्यांच्याकडे पाहिलं, कोपऱ्यातला खराटा उचलून त्यांच्या हातात दिला, आणि स्वतः बादली घेऊन पुढच्या खोलीत गेली.